छतावरचं सूर्यघड्याळ मागे पडतंय, कुठे चुकलं?

तिसरा_मजला | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी रामायण सांगते. घाईत असाल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

आमचं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. सप्टेंबरात सासरे (आप्पा, वय ८१) बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांचा मुक्काम पुढच्या खोलीतल्या पलंगावर. आप्पा आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे वेळ कळली नाही तर त्यांना चैन पडत नाही. भिंतीवरचं घड्याळ नेमकं डोक्यामागे, हातातलं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा कधीच जागेवर नसतो. मी घरून काम करते. दर दहा मिनिटांनी "किती वाजले गं?" अशी हाक यायची. माझ्या ऑफिसच्या मीटिंगांमध्ये ती सगळ्यांना पाठ झाली होती.

ऑक्टोबरात एक दिवस त्यांचा दाढीचा आरसा दक्षिणेच्या खिडकीतल्या कडप्प्यावर उताणा राहिला आणि छतावर ताटाएवढा कवडसा पडला. थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "मघाशी हे पंख्यापलीकडे होतं, आता पंख्याच्या खाली आलंय. चालतंय ते." मग काय, उद्योगच मिळाला. मोठ्या आरशाऐवजी कच्छी भरतकामातला दोन सेंमीचा गोल आरसा घेतला, फरशीच्या पाच सेंमी तुकड्यावर चिकटवला आणि तो तुकडा कडप्प्यावर ठेवला. दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन असे ठोके पडले की नवरोबा घोड्यावर चढणार आणि कवडशाच्या मधोमध माझी लाल टिकली लावणार. १२ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर हे रोज नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी केलं. प्रत्येक तासाच्या टिकल्यांची जवळजवळ सरळ ओळ तयार झाली. त्यांवरून दोरा धरून पेन्सिलीने रेघा मारल्या. आप्पा झोपल्या झोपल्या "दहा पंचवीस, महाड सुटली" वगैरे घोषणा करायला लागले. हाका बंद.

आता रड. डिसेंबरात घड्याळ मागे पडायला लागलं. भिंतीवर बारा वाजले तरी कवडसा बाराच्या रेघेच्या डावीकडे, चांगला चौदा मिनिटं मागे. वाटलं आरसा हलला असेल, पुसताना कोणाचा हात लागला असेल. फरशीच्या एका कडेखाली लग्नपत्रिकेचा कोपरा घडी करून पाचर मारली, कवडसा रेघेवर आणला. जानेवारीत परत मागे. आज परत मोजलं, १६ मिनिटं मागे!

आरसा हलत नाहीये, याची खात्री आहे, कारण भोवती पेन्सिलीने चौकट आखली आहे. मग काय हलतंय? आप्पांचं म्हणणं सोपं आहे: "कवडसा बरोबर आहे, तुमचं घड्याळ पुढे गेलंय." घरातली सगळी घड्याळं मोबाइलशी जुळवून झाली.

---

टिवल्याबावल्या | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३२

पृथ्वी सरकली असेल. दुसऱ्या बाजूने पाचर मारून बघा.

---

सिमेंटकाका | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सरकणारी दुसरी वस्तू म्हणजे इमारत, पण तसं नाहीये हे हिशोबानेच सांगतो, म्हणजे झोप लागेल. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे १६ मिनिटांना ४ अंश. आरसा जितका कलेल त्याच्या दुप्पट कवडसा वळतो, म्हणजे आरसा २ अंश कललेला हवा. कडप्पा २ अंश कलला तर भिंत आणि इमारतही कललेली असणार. १२ मीटर उंचीच्या इमारतीचा माथा २ अंशांत ४० सेंमीच्या वर बाहेर जाईल. तसं असतं तर तुम्ही हा धागा रस्त्यावर बसून लिहिला असता.

पाचर मात्र काढा. उगाच एक चूक दुसऱ्या चुकीवर बसलीय.

---

नाक्षत्र | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४८

आप्पांना माझा नमस्कार सांगा, निम्मं त्यांचंच बरोबर आहे. तुमचा आरसा, छत, टिकल्या सगळं ठीक. तुम्ही सूर्याच्या जागेवर मोबाइलची वेळ चिकटवलीत, तिथे घोळ झाला.

आपलं घड्याळ रोज बरोबर २४ तासांनी बारा वाजवतं. सूर्य मात्र रोज बरोबर २४ तासांनी माथ्यावर येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो, त्यामुळे तेव्हा पृथ्वी कक्षेत जोरात पळते. शिवाय तिचा आस २३.४ अंश कललेला. या दोन कारणांनी सूर्य कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे. याला कालसमीकरण म्हणतात. हा फरक वर्षातून चार वेळा शून्य होतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. ३ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य सव्वासोळा-साडेसोळा मिनिटं पुढे असतो, आणि ११ फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटं मागे.

आता तुमच्या तारखा बघा. टिकल्या लावल्यात त्या नेमक्या अशा काळात, जेव्हा सूर्य वर्षातला सगळ्यात जास्त पुढे होता. त्या चाळीस दिवसांत फरक जेमतेम तीन मिनिटं हलतो, म्हणून ओळी सरळ आल्या आणि तुम्हाला वाटलं जमलं. आणि आज काय तारीख आहे? दुसरं टोक! दोन टोकांत अर्ध्या तासाचं अंतर. चौदा मिनिटं तुम्ही पाचरीत दडपलीत, उरलेली सोळा आज दिसतायत. बेरीज करून बघा.

पुण्यात सूर्य नेमका दक्षिणेला कधी येतो त्या वेळा देतो. पुण्याचं रेखांश ७३.८५, आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. ८.६५ अंश गुणिले ४ मिनिटं, म्हणजे साडेचौतीस मिनिटं आपण मुळातच मागे. त्यावर कालसमीकरण: ३ नोव्हेंबरला दुपारी १२:१८, १ डिसेंबरला १२:२४, २५ डिसेंबरला १२:३५, १५ जानेवारीला १२:४४, ११ फेब्रुवारीला १२:४९. तुम्ही "बारा" म्हणून जी रेघ मारलीत ती सूर्याच्या हिशोबाने पावणेबाराच्या आधीची आहे.

---

पिंगा | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

टिकल्या!! फोटो हवा. वाचनखूण साठवली आहे.

(एवढं करून मोबाइलवर बोलणारं घड्याळ लावता आलं असतं असं म्हणणारं कोणीतरी येईलच, त्याआधी मी येऊन गेले.)

---

बोरीबंदर | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

नाक्षत्र यांनी साडेचौतीस मिनिटं म्हटल्यावर आठवलं. मुंबईत हा फरक ३८-३९ मिनिटांचा, आणि तो माझ्या आईने प्रत्यक्ष जगलेला आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. रेल्वेची वेळ वेगळी, शहराची वेगळी. आई सांगायची, कोणी वेळ सांगितली की पहिला प्रश्न "मुंबई की स्टँडर्ड?" तुमच्या आप्पांनाही लहानपणी ऐकून माहीत असणार, विचारा. छतावरचं घड्याळ म्हणजे पुणे टाइम, एवढंच.

---

तिसरा_मजला | १२ फेब्रुवारी, दुपारी १:०५

नाक्षत्र, मी खुर्चीत बसून आहे आणि हसतेय. तीन महिने आम्ही नवरा-बायको एकमेकांवर आरसा हलवल्याचा आळ घेत होतो.

आप्पांना वाचून दाखवलं. मुंबई टाइमवर ते अर्धा तास बोलले. पाचर काढली. आज १२:४९ ला कवडसा कुठे होता तिथे हिरवी टिकली लावली आहे. आता पुढे काय करायचं ते सांगा. परत वर्षभर टिकल्या लावायची ताकद नवरोबात नाही.

---

शंकूछाया | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

वर्षभर थांबायची गरज नाही, आज रात्री कागदावर होईल.

आरसा सपाट आडवा असेल तर छतावरचा कवडसा म्हणजे उलट्या लटकलेल्या शंकूच्या (म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीच्या) सावलीचं टोक समजा. आरशापासून छतापर्यंतची उंची हा शंकू. आपले जुने ज्योतिषी १२ अंगुळांचा शंकू उन्हात उभा करायचे आणि विषुवदिनी (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा) माध्यान्हीला त्याची सावली किती अंगुळं पडते त्यावरून गावाचं अक्षांश काढायचे. त्या सावलीला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा ४ अंगुळं. आता ताईंनी उंची मोजावी. समजा १८० सेंमी आली, तर अंगूळ झालं १५ सेंमीचं आणि पलभा ६० सेंमी. म्हणजे आरशाच्या बरोबर वरच्या बिंदूपासून उत्तरेला ६० सेंमीवर पूर्व-पश्चिम सरळ रेघ मारली की ती २१ मार्च आणि २३ सप्टेंबरची रेघ. बाकी सगळ्या तारखांच्या रेघा वाकड्या, ही एकच सरळ.

या सरळ रेघेवर सौर बारा (सूर्य नेमका दक्षिणेला येतो ती वेळ) मध्ये. सौर अकरा आणि एक मध्यापासून ५१ सेंमीवर, दहा आणि दोन ११० सेंमीवर, नऊ आणि तीन १९० सेंमीवर. दुसरी तारीख घ्या २२ डिसेंबर. तेव्हा बाराचा कवडसा आरशावरच्या बिंदूपासून १६२ सेंमी उत्तरेला. अकरा-एकचा १६६ सेंमी उत्तरेला आणि ६० सेंमी बाजूला. दहा-दोनचा १८१ उत्तरेला, १३२ बाजूला. नऊ-तीनचा २१५ उत्तरेला, २३९ बाजूला. मार्चचा आणि डिसेंबरचा बिंदू जोडा, झाली तासाची रेघ. तासाच्या रेघा सरळच असतात, त्यामुळे दोन बिंदू पुरे. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर सकाळ डावीकडे, दुपार उजवीकडे.

या सगळ्या रेघा मागे वाढवल्या तर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू तुमच्या खिडकीबाहेर सव्वापाच-साडेपाच मीटरवर हवेत लटकतोय, म्हणून पुस्तकातली 'मध्यबिंदूतून कोन मोजा' वाली पद्धत घरात चालत नाही. पुण्याचं अक्षांश कमी, म्हणून तो इतका दूर.

जाता जाता: नाक्षत्र यांनी सांगितलेल्या दोन कारणांना आपल्याकडे दोन वेगळी नावंच आहेत, भुजांतर आणि उदयांतर. आमच्या घरी पंचांगाचं गणित चालायचं, तिथे ही नावं लहानपणापासून कानावर.

---

सिमेंटकाका | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

गणित सुंदर, पण मापं घेताना साइटवरचे चार शब्द.

उत्तर दिशा होकायंत्राने शोधू नका. खिडकीला ग्रिल आहे, स्लॅबमध्ये सळया आहेत, सुई वाटेल तिथे दाखवेल. आरसा आडवा असेल तर आज १२:४९ ला लावलेली हिरवी टिकली हीच तुमची उत्तर. आरशाच्या बरोबर वरचा बिंदू काढायला ओळंबा घ्या: छतावरून दोरी सोडा, ओळंब्याचं टोक आरशाच्या मधोमध टेकेपर्यंत दोरी सरकवा. त्या बिंदूतून हिरव्या टिकलीपर्यंत सूत मारा. ती दक्षिणोत्तर.

दुसरं, स्लॅब सपाट आहे असं गृहीत धरू नका. जुन्या इमारतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-दोन सेंमीचा फरक मी स्वतः पाहिलाय (आणि केलाय). गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाइप मिळाला तर चारी कोपरे तपासा.

---

भवानीपेठी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

आरसा आडवा आहे की नाही हे बघायला पाणसळ कमी पडेल. मी टेरेसवर हा उद्योग केला होता, तेव्हाची युक्ती सांगतो. वाटीभर कोरा चहा घ्या. हो, चहाच. पाण्याइतकाच सपाट, आणि काळा असल्यामुळे वाटीचा तळ मध्ये चमकत नाही. वाटी आरशाशेजारी दहा सेंमीवर ठेवा, चहाची पातळी आरशाच्या उंचीला आणा, पडदे ओढून खोली अंधारी करा. छतावर दोन कवडसे दिसतील, आरशाचा ठळक आणि चहाचा फिकट. दोघांच्या मध्यांत बरोबर दहा सेंमी अंतर, त्याच दिशेला असेल तर आरसा आडवा. नसेल तर फरशीखाली कागद सारा.

तुमच्या पाच सेंमीच्या फरशीच्या कडेखाली एक साधा कागद घातला की घड्याळ साधारण एक मिनिटाने हलतं. चहा काही खोटं बोलत नाही.

आणि भरतकामातला आरसा बदला. त्यातले बरेच किंचित फुगीर असतात, कवडसा पसरट होतो. जुनी हार्ड डिस्क उघडा, आतली चकती म्हणजे पहिल्या दर्जाचा आरसा, चमक वरच्याच पृष्ठभागावर. साध्या आरशात काचेच्या वरच्या पृष्ठभागाचाही एक पुसट कवडसा पडतो, तो त्रास इथे नाही. काळ्या कागदाला एक सेंमीचं भोक पाडून वर चिकटवा. भोक चौकोनी पडलं तरी बिघडत नाही, छतावर कवडसा गोलसरच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते.

---

ऊन_पाऊस | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:००

मी नागपूरकर. माझी खिडकी पूर्वेला. मला जमेल का? आणि आमच्याकडे ती साडेचौतीस मिनिटं किती?

---

नाक्षत्र | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

नागपूरचं रेखांश ७९.१, म्हणजे फरक जेमतेम साडेतेरा-चौदा मिनिटं. पूर्वेच्या खिडकीत घड्याळ फक्त सकाळचं होईल, पण वर्षभर चालेल. एक अडचण: सूर्य २० अंशांवर असताना कवडसा आरशापासून छताच्या उंचीच्या पावणेतीन पट लांब जातो, म्हणजे १८० सेंमीच्या हिशोबाने जवळजवळ पाच मीटर. तो छतावर मावणार नाही, समोरच्या भिंतीवर उतरेल. उतरू द्या. रेघा भिंतीवरही आखता येतात, फक्त कोपऱ्यावर त्या मोडतात.

---

इसारकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री १०:५०

म्युनिकहून. आमची अडचण तुमच्या उलट. इथे २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य १८ अंशांवर. कवडसा छत सोडून मागच्या भिंतीवरच्या पुस्तकांच्या कपाटावर. उन्हाळ्यात मात्र ६५ अंशांपर्यंत, तेव्हा छतावर मस्त चालतं. वर मार्च ते ऑक्टोबर घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे प्रत्येक रेघेला दोन आकडे लिहावे लागतात.

युरोपात हा प्रकार जुना आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका शाळेत, जी पूर्वी जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज होती, जिन्याच्या भिंती आणि छत अशा घड्याळाने भरलेत. १६७३ मध्ये तिथल्याच झाँ बोन्फा नावाच्या पाद्र्याने ते केलं. खिडकीतले छोटे आरसे आणि जिनाभर रेघा. रोमच्या स्पादा महालात १६४४ चं एक आहे, एमान्युएल मेन्याँ या फ्रेंच साधूने केलेलं. ग्रेनोबलचं मी पाहिलंय. जिना चढता चढता आपण तारखेच्या रेघा ओलांडत जातो. पण टिकल्या तिथे नाहीत!

---

पिंगा | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

एक काळजीचं. लहान मूल घरात असेल तर आरसा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येत नाही ना हे बघा. परावर्तित सूर्य म्हणजे सूर्यच, त्यात थेट बघायचं नाही. समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या डोळ्यांवर जात नाही ना तेही.

---

तिसरा_मजला | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मंडळी, झालं!

उंची १८० नाही, १८१ निघाली. शंकूछायांचे आकडे तसेच वापरले, सेंटिमीटरभर इकडेतिकडे. नवरोबाच्या जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क फोडली (मेलेली होती, परवानगी घेतली). कोरा चहा वाटीत, पडदे ओढलेले, आप्पा पलंगावरून "डावीकडे, अजून डावीकडे" असं बस रिव्हर्स घेतल्यासारखं सांगतायत. तीन कागद सारावे लागले. सरकवून झाल्यावर चहा आप्पांनी पिऊन टाकला.

ओळंब्याची गंमत सांगते. ओळंबा नव्हता, म्हणून दोरीला खलबत्त्यातला बत्ता बांधला. तो आरशावर टेकवताना नवीन चकतीवर चरा पडला. कवडशात आता एका बाजूला बारीक शेपूट दिसतं. आप्पा त्याला मिनिटकाटा म्हणतात.

रेघा सौर वेळेच्या मारल्या नाहीत. घरात मोबाइलचीच वेळ चालते, म्हणून नाक्षत्रांशी व्यक्तिगत निरोपात बोलून प्रत्येक तासाच्या दोन रेघा काढल्या. लाल रेघ ऑक्टोबर ते २२ डिसेंबर, हिरवी २२ डिसेंबरनंतर. दोन्ही डिसेंबरच्या टोकाला एकत्र येतात आणि खिडकीकडे येता येता फाकतात. अख्खं वर्ष काढलं असतं तर इंग्रजी आठसारखी आकृती झाली असती, पण इतकी गरज नाही. जुन्या लाल टिकल्या तशाच ठेवल्यात, आणि विश्वास बसणार नाही, नव्या लाल रेघा त्यांच्यावरूनच जातायत! आधीचं काम वाया गेलं नाही.

आज बारा वाजता कवडसा हिरव्या रेघेवर चढला तेव्हा मी मोबाइल हातात धरून उभी होते. मिनिटाला जवळजवळ एक सेंटिमीटर सरकतो तो, टक लावली तर हलताना दिसतो. कवडसाच अडीच सेंमीचा आहे, त्यामुळे दोन-तीन मिनिटं तो रेघेवर बसून असतो. आप्पा कडेवरून वाचतात, मधोमध नाही. त्यांचा अंदाज मिनिटभराच्या पलीकडे चुकत नाही.

ग्रिलच्या गजाची सावली आरशावर आली की काही मिनिटं कवडसा गायब होतो. त्याला आमच्याकडे चहापाण्याची सुट्टी असं नाव पडलंय.

---

टिवल्याबावल्या | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

बत्ता! ओळंब्याच्या जागी बत्ता! सिमेंटकाका, पाणी प्या.

---

सिमेंटकाका | १६ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पितोय. कोरा चहा.

---

तिसरा_मजला | ९ मार्च, दुपारी १२:५५

वाईट बातमी. ३ तारखेनंतर दुपारचा कवडसा आलाच नाही. सकाळी नऊचा आणि दुपारी तीनचा आणखी चार-पाच दिवस आला, आता तेही बंद. आरसा जागेवर आहे. आधी वाटलं पुन्हा काहीतरी हललं.

---

शंकूछाया | ९ मार्च, दुपारी २:२०

छज्जा! विचारायचंच राहून गेलं. आरशापासून छज्ज्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत आडवं अंतर किती, आणि छज्जा कडप्प्यापासून किती वर?

---

तिसरा_मजला | ९ मार्च, दुपारी ३:१०

आडवं ५६, उंची १२०.

---

शंकूछाया | ९ मार्च, दुपारी ३:४०

म्हणजे ६५ अंशांच्या वर गेलेला सूर्य तुमच्या आरशाला दिसतच नाही. पुण्यात ३ मार्चला माध्यान्हीचा सूर्य बरोबर ६५ च्या आसपास असतो. छतावर बोलायचं तर आरशावरच्या बिंदूपासून ८४ सेंमीच्या आत कवडसा कधीच येणार नाही. आपली ती सुंदर सरळ पलभेची रेघ ६० सेंमीवर आहे. म्हणजे ती तुमच्या घरात कधीच उजळायची नाही. तिचा उपयोग फक्त आखणीपुरता झाला.

छज्जा नसता तरी मे महिन्यात प्रश्न आलाच असता. १३-१४ मेला पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी उत्तरेला असतो, दक्षिणेच्या खिडकीला दुपारी दिसतच नाही. मग पाऊस. तेव्हा आपल्याकडे हे घड्याळ हिवाळ्याचंच. १० ऑक्टोबरला परत येईल.

---

बोरीबंदर | ९ मार्च, संध्याकाळी ५:००

हंगामी कर्मचारी.

---

ऊन_पाऊस | २१ एप्रिल, सकाळी ८:५०

माझं पूर्वेचं चालू झालं. आठचा कवडसा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडतो. नऊपर्यंत छतावर चढतो. अकरानंतर संपलं. इथल्या उन्हाळ्यात अकरानंतर पडदे उघडे ठेवायची हिंमतही नाही, त्यामुळे तक्रार नाही.

---

तिसरा_मजला | १२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर काढतेय.

परवा १० तारखेला ढग होते. काल थोडा वेळ आला. आज बारा वाजता कवडसा लाल रेघेवर, गेल्या वर्षी याच तारखेला लावलेल्या पहिल्या टिकलीवर. टिकली कवडशात चमकली. आप्पा आता काठी घेऊन खाली बागेत जातात, पण आज बारा वाजायच्या आधी वर आले आणि मुद्दाम पलंगावर आडवे झाले.

आता नवा प्रश्न. दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा आहे. पेंटर म्हणतोय छताला घासकाम आणि दोन हात. टिकल्या आणि रेघा कशा वाचवू? छत तसंच सोडा म्हटलं तर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

---

सिमेंटकाका | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०५

वाचवू नका, लिहून ठेवा. प्रत्येक रेघेचे दोन टोकांचे बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदूचं खोलीच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर वहीत टिपा. दोन कोपरे, दोन अंतरं, बिंदू परत सापडतो. रंग वाळल्यावर दोन टेपांनी पुन्हा गाठा. कोपरे कुठले ते वहीत चित्र काढून लिहा, नाहीतर आठवड्याने तुम्हालाच आठवणार नाही. आणि आरसा काढून ठेवताना फरशीखालच्या तीन कागदांची दिशा लिहून ठेवा.

---

भवानीपेठी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आणि पेंटरला सांगा, त्या कडप्प्यावर डबा ठेवायचा नाही.

---

तिसरा_मजला | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

वही घेतली. आप्पा मापं सांगतायत, मी लिहितेय. नवरोबा घोड्यावर.